गारांतला दवना

गेनबाला बारवंतनं वर काढला तवा त्याच्या तोंडातनं "आई गं" आलं न्हाई. "रोपं भिजवली का?" असं इचारलं त्यानं.

म्या म्हनलं, "रोपांचं मरू द्या. तुमचा पाय कुनीकडं बघतोय ते बघा आदी."

पाय खरंच भलतीकडं बघत व्हता. खांद्यावर भरलेली घागर, पायाखाली बारवंची शेवाळलेली पायरी, अन् मानूस घाईत. घागर चेपली, पाय मोडला, अन् दवन्याची रोपं लावायची येळ तर दारात आलेली.

दोघा गड्यांनी माझ्या नवऱ्याला खाटंवर घालून घरी आनला. हाडवैद्यानं पाय वढला, कामट्या बांधल्या. गेनबा असा वरडला का शेजारची म्हस दावं तोडून गेली. समदं झाल्यावर हाडवैद्य म्हनला, "चैत्रापस्तोर ह्यो पाय जमिनीला लावायचा न्हाई."

"अन् दवन्याचं कसं?" गेनबा म्हनला.

"दवन्याचा पाय म्या बघितला न्हाई. तुझा बघितला."

तुमाला दवना ठाव नसंल तर सांगते. ईतभर-हातभर वाढतो, राखाडी बारीक पानं, दिसायला काय न्हाई. पर दोन बोटांत चुरगाळला का असा वास सुटतो का रडकं पोर गप होतं. चैत्राच्या पुनवंला आमच्या डोंगरावरच्या भैरोबाला पयली जुडी दवन्याची. ती बी कुनाची पन न्हाई, आमच्या माळ्याच्या घरची. देवळामागं बारवंच्या अंगाला एक वाफा हाय, दोन खाटा टाकल्या तर भरून जाईल येवढाच. त्याला देवाचा वाफा म्हनत्यात. पौषात रोप टाकायचं, माघात लावायचं, चैत्रात काढायचं. अनवानी जायचं, तोंडात घास घालायच्या आदी पानी घालायचं, अन् वाफ्यावर छप्पर करायचं न्हाई. ऊन पडो का धुई पडो, ते देवानं बघायचं. एका साली जरी आमचा दवना चुकला तरी मान आमच्या घरातनं उठून भावकीत जायचा.

भावकी म्हंजे तात्याबा. गेनबाचा थोरला चुलतभाऊ. त्यो त्याच सांजंला पाय बघायला आला. तोंडावर दुःख, पर डोळ्यांत पुनव फुललेली.

"लई वाईट झालं गेनबा. मंग औंदा दवन्याचं कसं?"

"ही लावंल की," गेनबा म्हनला.

"कोन, गजराबाई?" तात्याबा हसला न्हाई, नुस्ती मिशी हालली. "न्हाई, हाताला काय नाव ठेवायचं न्हाई मला. पर पाटाची बाई ती. देवाच्या वाफ्याला लग्नाचा हात लागतो. पाटाच्या हातचा दवना धरत न्हाई, म्हातारी मानसं सांगून गेल्यात."

तर ह्यात दडवायचं काय न्हाई. माझा पयला नवरा पटकीनं गेला तवा मला लुगडं नीट नेसता येत नव्हतं. गेनबाची पयली बायको बाळंतपनात गेली. मंग आमचा पाट लावला, विधवेचं दुसरं लगीन त्यो. पाटाच्या बाईला नवरीला हळद लावायला बोलवत न्हाईत. ववाळायला म्होरं घेत न्हाईत. लग्नाच्या भाकरी थापायला मातूर सांगावा पयला आमालाच, तितं काय पाट आडवा येत न्हाई.

म्या म्हनलं, "भावजी, च्या टाकते."

"नगं. उपास हाय आज."

"मंग उपाशीच जावा."

त्यो गेल्यावर गेनबानं मला जवळ बोलावलं. मंग म्हनला, "गजरे, मान गेला तर जाऊ दे. पर उद्या म्हनतील, पाटाच्या बाईमुळं गेला. तू हाईस तवर म्हनतील, अन् तू गेल्यावर बी."

"ठाव हाय मला."

"जमंल का?"

"तुमी खाटंवरनं वरडा. मी करते."

अन् वरडला हो मानूस. माघभर वरडला. घराच्या मागल्या दारात खाट टाकली का डोंगरावरचं देऊळ दिसायचं, वाफा दिसायचा न्हाई. पर ह्याला तिथनं समदं दिसायचं. "मुळं मोकळी सोड! दाबू नगंस! आगं, भाकरी न्हाई थापायची, रोप लावायचं हाय!" मी तिकडं डोंगरावर, ह्यो हिकडं खाटंवर. खालनं गावातली पोरं वर पळत येऊन त्याचा निरोप सांगायची.

रोपं लागली. मला वाटलं जिकलं. तर औंदाचं आभाळ म्हंजे दारू प्यालेला मानूस, सकाळी पाया पडतंय अन् दुपारी अंगावर धावतंय. थंडी गेली म्हनून पोरांच्या टोपड्या धुऊन ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी धुई अशी पडली का हाताची बोटं दिसंनात. कडंची रोपं मान टाकून पडली. गेनबा म्हनला, राख भुरभुर. म्या चूल उकरून समदी राख नेली. त्यातनं उठली.

मंग शिमग्याच्या आदीच ऊन असं तापलं का पायाचं तळवं भाजायचं. भर दुपारी वर गेले तर दवना माना खाली घालून उभा, सासूनं बोललेल्या सुनंवानी. मला बघवंना. बारवंतनं घागर वढली अन् वतली.

घरी येऊन सांगितलं तर गेनबा खाटंवर उठून बसला. "उन्हात पानी घातलंस? आगं, उकडलंस की त्यांना! वांगी हायेत व्हय ती?"

"मला काय ठाव! तहानलेली दिसली!"

"बाईमानूस हाईस का कसाई?"

त्यानं चांगल्या शिव्या घातल्या. म्या बी घातल्या. एक वळ गेली त्यात, पिवळी पडून. त्या दिवसापास्नं मी भर दुपारी वर गेले न्हाई. दुपारी बघितलं का हात राहत न्हाई म्हनून न्हाई गेले.

बारवंवर रोज सरू भेटायची. सरू म्हंजे तात्याबाची लग्नाची बायको. माझ्याहून थोरली, अंगानं भरलेली, कपाळाला रुपयायेवढं कुकू. मी तिला अक्का म्हनायची, ती मला गजरे.

"जित्ती हायेत का गं आजून?" ती धुनं आपटत इचारायची.

"तुमच्यापरीस बरी हायेत, अक्का."

"आमच्या घरात रोज इचारत्यात. आज किती मेली, आज किती मेली. मयताला जायचं असल्यावानी."

"सांगा त्यांना, खांदा द्यायला बोलवीन."

हसायची न्हाई ती. धुन्याला जोर लावायची. मला वाटायचं, ही बी वाटच बघतीया. का बघू नये? मान तिच्या घरात जानार, पुनवंला जरीचं लुगडं नेसून नवऱ्याच्या मागं ती चालनार.

शिमगा झाला अन् दवन्यानं जोर धरला. सांगते तुमाला, घरचं लेकरू पयल्यांदा उभं राहिलं तवा बी म्या येवढा आनंद केला न्हाई. हातभर झाला, दाट झाला, कडंनं चाललं तर लुगड्याला वास लागायचा. एकदा मी घरी आले तर गेनबानं पदर धरला अन् नाकाला लावला. म्हनला, "आला गं. तुझ्या हातचा आला."

"सोडा पदर. दार उघडं हाय."

पाडवा तोंडावर आला तवाची गोष्ट ही. पाडव्याच्या आदी आमच्याकडं घरातल्या समद्या गोधड्या धुत्यात. त्या दिवशी सरू बारवंवर गोधड्यांचा ढीग घेऊन आली व्हती. मी वाफ्यातलं गवत काढत व्हते. दुपार कलली व्हती. ऊन एकाएकी पिवळं झालं. वारं थांबलं. डोंगराच्या अंगावर एक धनगर मेंढरं चारत व्हता, त्याची मेंढरं आपोआप एका जागी गोळा झाली अन् गप उभी राहिली.

सरू म्हनाली, "गजरे, वर बघ."

मी वर बघितलं. आभाळ काळं नव्हतं. काळं असतं तर बरं झालं असतं, काळ्याला पाऊस असतो. हे हिरवट व्हतं, मार लागलेल्या कातडीवानी.

पयली गार बारवंच्या दगडावर पडली अन् फुटली. दुसरी माझ्या हातावर. मंग ताटात ज्वारी वतावी तसा आवाज डोंगराच्या पलीकडनं यायला लागला, जवळ जवळ यायला लागला.

मी उठले अन् वाफ्याच्या म्होरं हात पसरून उभी राहिले. येडी! गारा काय कोंबड्या हायेत का, हात पसरून अडवायला? एक गार दवन्यावर पडली, अन् शेंडा मोडून खाली लोंबला. दुसरी पडली. मला काय सुचंना. मी पदर सोडला, पदर किती पुरनार? जवळ गोनपाट न्हाई, घोंगडं न्हाई. अन् छप्पर करायचं न्हाई ते एक डोक्यात.

मागनं सरू वरडली, "सरक!"

वळून बघते तर ती धुतलेली गोधडी वढत आनतीया. वली गोधडी म्हंजे मेलेल्या रेड्यायेवढी जड. त्यातनं पानी गळतंय, गारा तिच्या पाठीवर पडत्यात, अन् ती शिव्या देत वढतीया.

"काय बघतीस मुडदे! त्या बाजूला जा! धर!"

"अक्का, छप्पर करायचं न्हाई..."

"खांब कुटं रवलाय? धर म्हनते न!"

म्या दोन टोकं धरली, तिनं दोन धरली. हात वर करून गोधडी उचलली तर मधनं पोट सुटून खाली आली, दवन्याला टेकाया लागली. मंग तिनं तिचं डोकं आत घातलं, म्या माझं घातलं. दोघी दोन अंगांनी वरंब्यावर पाय रोवून उभ्या, वाकून, डोक्यावर ती जड गोधडी, अन् मधी दवना. वाफ्यात पाय पडू द्यायचा न्हाई.

मंग आला तो लोंढा.

लिंबायेवढ्या गारा. गोधडीवर पडत्यात तितं धप धप आवाज, अन् डोक्यावर पडत्यात तितं आवाज न्हाई, नुस्त्या चांदन्या. एक टाळक्यात बसली अन् माझं गुडघं मोडलं. सरू वरडली, "पडशील तर दवन्यावर पडू नगंस!"

गोधडीच्या आत अंधारं व्हतं. वल्या कपड्याचा वास, दवन्याचा वास. तिचं तोंड माझ्या तोंडाम्होरं, येवढं जवळ का तिच्या नाकावरनं पानी ठिबकतंय ते दिसत व्हतं. कुकू वघळून गालावर आलेलं.

म्या इचारलं, "अक्का, तुमी कशापायी?"

"गप उभी रहा."

"न्हाई, सांगा. दवना मेला तर मान तुमच्या घरात येनार. आज नुस्तं बारवंवर बसून राहिला असता तरी..."

"मान त्यांना पायजे," ती म्हनाली. एक गार तिच्या डोक्यात बसली, तिनं डोळं मिटलं, उघडलं. "त्यांना पायजे. अन् अनवानी पहाटं ह्यो डोंगर कोन चढनार? ते? खाटंवरनं उठवायला हाका मारून माझा घसा बसतो. बारवंतनं घागरी कोन वढनार? उपाशीपोटी पानी कोन घालनार? तुझा नवरा स्वतः करतो म्हनून तुला कळंना. माझा जरीचा फेटा बांधून पुनवंला यील, अन् पौष ते चैत्र मी मरंन. जलमभर! वर पोरं, म्हशी, सासू. मला नगं बाई तुमचा मान. तुझा दवना जगला पायजे. तू मेलीस तरी चालंल."

मला हसू आलं. खरं सांगते, त्या गारांत, डोकं फुटायची पाळी आलेली, अन् मी हसले. मी हसले तशी गोधडी हालली.

"हालवू नगंस भवाने! हसायचं घरी जाऊन!"

अन् मंग ती बी हसली. दोघी खिदळतोय, अन् वर आभाळ आमाला धोपटतंय. हात तर असं भरून आलं का टोकं बोटांतनं निसटायला लागली. म्या टोकं दातांत धरली. तिनं माझं बघून तिची दातांत धरली. तवा कुटं आमचं हसनं थांबलं.

थांबलं तसं एकाएकी थांबलं.

गोधडी बाजूला केली तर डोंगर पांढरा. बारव पांढरी, देवळाची पायरी पांढरी. मेंढरं तशीच उभी, त्यांची पाठ पांढरी. अन् मधी आमचा वाफा. गोधडी कमी पडली व्हती, चारी बाजूच्या वळी चिखल झाल्या व्हत्या. पर मधला दवना उभा व्हता. वाकला व्हता, पर उभा व्हता.

सरूनं कपाळ चाचपलं. भुवईच्या वर लिंबू उगवलं व्हतं. म्हनाली, "दाराची चौकट लागली म्हनून सांगीन. तू काय सांगनार?"

"मी कुनाला सांगायला बांधली न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमचं नाव माझ्या तोंडातनं येनार न्हाई, अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. मंग गोधडीकडं बघितलं, चिखलानं भरलेली. "परत धुवाया लागनार ही," म्हनाली, अन् पाटकुळी मारून बारवंकडं गेली.

घरी गेनबा खाटंवरनं खाली उतरलेला. मागल्या दारात जमिनीवर बसलेला, खुरडत तितपस्तोर आलेला. "गेला?"

"अर्धा हाय."

"अन् तू?"

"मी बी अर्धीच हाय."

त्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं अन् केसांत बोटं घालून टेंगळं चाचपली, हळद लावली.  लावता लावता म्हनला, "एकटीनं केलंस?" म्या म्हनलं, "हळद लावा."

पुनवंपस्तोर मी त्या अर्ध्या दवन्याला कसं जपलं ते माझं मला ठाव. मोडलेलं शेंडं काढलं, चिखल धुतला. पानांना काळं डाग पडलं ते पडलंच. पुनवंच्या सकाळी काढला, केळीच्या सोपटानं जुडी बांधली, डोक्यावरनं पदर घेतला अन् वाजतगाजत न्हाई, गपचिप पायऱ्या चढले. गेनबाला गड्यांनी बैलगाडीतनं आनून खाली पायऱ्यांशी थांबवला व्हता. समदं गाव जमलेलं. हलगी वाजत व्हती.

देवळाच्या उंबऱ्यात तात्याबा उभा. डोक्यावर जरीचा फेटा.

"थांब गजराबाई."

हलगी थांबली.

"काशा," त्यो गुरवाला म्हनला, "हिचा दवना देवाला चालायचा न्हाई. हिनं वाफ्यावर छप्पर केलं. गारांच्या दिवशी. धनगरानं बघितलंय."

काशिनाथ गुरव म्हंजे भला मानूस, पर वारं येईल तिकडं झुकनारा. त्यानं माझ्याकडं बघितलं. "खरं हाय का गं?"

म्या म्हनलं, "छप्पर न्हाई केलं. गारा पडत व्हत्या म्हनून डोक्यावर पांघरून घेतलं. मानसानं गारांत डोकं झाकू नये असा नेम हाय का? माझ्या पांघरुनाखाली वाफा व्हता, त्याला मी काय करू?"

मागं कोनतरी हसलं. तात्याबाचं तोंड लाल झालं. "पांघरून! त्यो धनगर सांगतोय, दोन बायका व्हत्या. दोन टोकांना दोन. दुसरी कोन व्हती?"

म्या जुडीचं सोपट घट्ट केलं.

"दुसरी कोन व्हती ते सांग! देवाचा नेम मोडायला कोन आली ते गावाला कळू दे! नाव सांगितल्याबिगर उंबरा वलांडू देनार न्हाई."

बायकांच्या घोळक्यात सरू उभी व्हती, मला दिसत व्हती. जरीचं लुगडं नेसलेली. कपाळावरचं कुकू औंदा जरा मोठं लावलेलं, टेंगळाचा डाग झाकायला.

"मी व्हते," म्या म्हनलं. "दुसरीचं तुमी त्या धनगराला इचारा."

"त्यानं वळखलं न्हाई."

"मंग म्या बी वळखलं न्हाई. गारा लई व्हत्या."

"गजराबाई, पाटाची हाईस ती हाईस, वर खोटं..."

"अवं, मी व्हते."

कोन बोललं ते तात्याबाला कळलंच न्हाई. त्यो इकडं तिकडं बघाया लागला. सरू घोळक्यातनं म्होरं आली.

"दुसरी मी व्हते. अन् गोधडी आपलीच व्हती. तुमच्या आईच्या हिरव्या लुगड्याची. वाळली हाय ती, घरी गेल्यावर दाखवते."

तात्याबा एक पाऊल तिच्याकडं सरकला.    मला वाटलं आता ह्यो हात उचलनार. पर समदं गाव बघत व्हतं, अन् सरू बी बघत व्हती. ती डोळं खाली घालंना. त्यानं फेटा सारखा केला. "घरी चल," म्हनला.

"जाते की. दवना वाहिला का जाते."

काशा गुरवानं ताटातनं दोन फुलं उचलली. "असं करू," म्हनला, "आपन देवाला कौल लावू. दोन खांद्यांवर दोन फुलं. उजवं पडलं तर दवना घ्यायचा, डावं पडलं तर न्हाई. देव सांगंल ते खरं. हाय का न समद्यांना मंजूर?"

गावानं माना डोलावल्या. तात्याबानं डोलावली. सरूनं बी. कौल म्हनलं का आमच्याकडं भांडन मिटतं.

"मला मंजूर न्हाई," म्या म्हनलं.

"आगं, देवाला इचारतोय!"

"गारा पाडताना त्यानं मला इचारलं व्हतं का?"

काशाच्या हातातनं फूलच पडलं.

"न्हाई इचारलं. धुई पाडली तवा न्हाई, ऊन तापवलं तवा न्हाई, पाय मोडला तवा न्हाई. त्यानं त्याचं केलं. म्या माझं केलं. मंग आता मी बी इचारनार न्हाई. हा दवना हाय, हा देव हाय. त्याला नगं असंल तर त्यो फेकून दील, त्याला हात हायेत. तू मधी पडू नगंस."

अन् म्या उंबरा वलांडला. तात्याबा आडवा व्हता, सरला. का सरला ते मला आजवर कळलं न्हाई. बहुतेक दवन्याला पाय लागू नये म्हनून सरला आसंल, काय झालं तरी माळ्याचाच मानूस.

गाभाऱ्याच्या दाराशी जाऊन म्या जुडी काशाच्या हातात दिली. त्यानं नाकाला लावली. 

"वास कमी हाय गं."

"औंदा समद्यांचाच कमी हाय. वहा."

त्यानं वाहिली. भैरोबाच्या पायाशी, काळ्या डागांची, मोडक्या शेंड्यांची, माझी जुडी. देव जसा व्हता तसा बसला व्हता. काय आभाळ फाटलं न्हाई.

आता दवना वाहिला का गुरव बाहेर येतो अन् पायऱ्यांवरनं हाळी देतो, कुनाच्या घरचा दवना आला ते. हाळी झाली का हलगी वाजते अन् मंग गावानं आपापला दवना वाहायचा. काशा बाहेर आला, छाती भरून घेतली अन् म्हनला, "गेनबाचा द..."

"थांब," म्या म्हनलं.

"आता काय?"

"गेनबा पौषापास्नं खाटंवर हाय. ज्याच्या हातचा दवना त्याचं नाव घे."

"बाईचं नाव? आगं, कधी कुनी घेतलं न्हाई!"

"गारा बी कधी येवढ्या पडल्या नव्हत्या."

त्यानं तात्याबाकडं बघितलं. तात्याबा जमिनीकडं बघत व्हता. त्यानं सरूकडं बघितलं. सरूनं नुस्ती भुवई वर केली, डागासकट. काशा डासानं कानात म्हनावं तसं म्हनला, "गजराबाईचा दवना आला हो."

खाली बैलगाडीतनं गेनबाचा आवाज आला. "काशा! आयकू आलं न्हाई रं!"

काशा जरा मोठ्यानं म्हनला.

"आजून न्हाई आलं!"

"बैरा झालास का गेनबा!" काशा वैतागला.

"पाय मोडलाय माझा, कान न्हाई! तूच मोठ्यानं बोल!"

मंग काशिनाथ गुरवानं दोन्ही हात तोंडाशी नेलं अन् बेंबीच्या देठापास्नं अशी हाळी दिली का खालच्या वाडीतली कुत्री भुकाया लागली.

"गजराबाईचा दवना आला होऽऽ!"

अन् हलगी वाजली.